डेक्कन क्वीनचे चार डबे, अठरा हजार रुपये

पार्सल उघडायच्या आधीच बायकोने विचारलं, "केवढ्याला पडलं?" मी खरं सांगून टाकलं. डेक्कन क्वीनच्या मॉडेलचे चार डबे, १८,००० रुपये. ती म्हणाली, "अहो, एवढ्यात अख्खं घर रंगवून झालं असतं. आणि रंगारी तर घरचाच आहे."

रंगारी घरचा आहे हे खरं. मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं पेंट शॉपला काढली, २०१६ साली निवृत्त झालो. डबे रंगवले, लोकलचे रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचे अख्खे संच, रंगवले. आधी पिवळे-तपकिरी, मग जांभळी पट्टी आली ते. डेक्कन क्वीनचे डबेही हाताखालून गेले. त्यामुळे हे परीक्षण मॉडेल रेल्वेच्या शौकिनाचं नाही, हे आधीच सांगतो. रुळांची अंडाकृती मांडून त्यावर गाडी फिरवायला माझ्या नेहरूनगरच्या घरात जागा नाही. मी डबे टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवलेत आणि रोज चष्मा लावून बघतो.

बनवणारा मुंबईचाच, उपनगरातल्या एका गाळ्यात एकटा काम करतो. नाव मुद्दाम देत नाही. पोरगा मेहनती आहे आणि मी खाली जे काढणार आहे ते त्याला फोनवर सांगून झालंय.

आधी बरं ते. माप अचूक आहे. या मापाला एचओ म्हणतात, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याएवढं. आपला जुना आयसीएफचा डबा, पेरांबूरच्या कारखान्याचा, २१ मीटर ३३ सेंटिमीटर लांब. ८७ने भागा, साडेचोवीस सेंटिमीटर येतात. मी स्टीलची पट्टी लावली, साडेचोवीस भरला. रुंदी सव्वातीन मीटरच्या जवळपास, ती ३७ मिलिमीटर हवी, ती पण आहे. छताची गोलाई हाताला लागते तशीच आहे. खिडक्यांचे आडवे गज इतके बारीक काढलेत की पहिल्या दिवशी मी त्यांच्यावरून नख फिरवत बसलो होतो.

चाकांचं मात्र काही करता येत नाही, आणि तो दोष त्याचा नाही. एचओचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिलिमीटरचा, जगभर तोच विकला जातो. त्याला ८७ने गुणा, परदेशातला १४३५ मिलिमीटरचा गेज येतो. आपला ब्रॉडगेज १६७६चा. म्हणजे चाकांमध्ये १९ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर हवं होतं, आहे साडेसोळा. बाजूने बघितलं तर कळत नाही. समोरून बघितलं की डबा पोट सुटलेल्या माणसासारखा दिसतो, पाय जवळजवळ घेऊन उभा राहिलेला. शोकेसमध्ये आडवा ठेवा, विषय संपला.

आता रंग.

डेक्कन क्वीनचा तो रंग ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. निळा-पांढरा आणि खिडक्यांच्या वरून गेलेली लाल पट्टी. बाकीच्या गाड्या एकजात विटकरी असायच्या, मग नव्वदीत एकजात निळ्या झाल्या. त्यांच्यामधून ही संध्याकाळी ५:१० ला व्हीटीहून सुटायची आणि दादर सोडून आमच्या वर्कशॉपवरून जायची, तेव्हा मान न वळवता कळायचं कोण गेली.

मॉडेलचा निळा मला काळपट वाटला. फोन केला तर तो म्हणाला, "काका, मी खऱ्या डब्याचा शेड मॅच करून आणलाय." तिथेच चुकलं. खऱ्या डब्यावरचा निळा उन्हात, वीसएक मीटर लांब पत्र्यावर दिसतो. तोच निळा वीतभर डब्यावर, ट्यूबलाइटखाली, काळा दिसणारच. लहान वस्तूवर रंग फिकट करून घ्यावा लागतो, चमचाभर पांढरा मिसळून. खरा शेड खोटा दिसतो आणि खोटा शेड खरा दिसतो, हे आमच्या उस्तादांनी मला स्टेशनच्या पाट्या रंगवताना शिकवलं होतं. शिवाय त्याने वरून चकाकी मारलीय आरशासारखी. अशी चकाकी डब्याला पीओएच होऊन बाहेर पडला की पहिले काही दिवस असते. पीओएच म्हणजे डबा दर अठरा महिन्यांनी वर्कशॉपला यायचा ती पाळी. एक पावसाळा घाटातून गेला की चकाकी गेली. मग हा डबा कुठल्या दिवसाचा आहे? त्याला विचारलं तर हसला.

पण शेड हा दुय्यम प्रश्न. माझी मुख्य तक्रार लाल पट्टीची आहे.

चारही डबे ओळीने लावा. टेबलाच्या कडेशी डोळा आणा, एक डोळा मिटा आणि पट्टी शेवटपर्यंत बघत जा. तिसऱ्या डब्यावर ती अर्धा मिलिमीटर खाली आहे. तुम्ही म्हणाल अर्धा मिलिमीटर म्हणजे काय? ८७ने गुणा. सव्वाचार सेंटिमीटरहून थोडं जास्त, दोन बोटांच्या वर. खऱ्या डब्यावर आमच्या हातून दोन बोटं फरक पडला असता तर डबा शेडच्या बाहेर गेला नसता, आणि आम्ही त्या दिवशी डबा खाल्ला नसता.

ही पट्टी मारायची कशी, ते लिहून ठेवतो, कारण कुठे लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. आधी जुना रंग घासायचा, खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायचे, पॉलिश पेपर, अस्तर, मग फिका रंग दोन हात. फिका आधी, गडद नंतर, उलटं केलंत तर आयुष्यभर निळा खालून डोकावत राहील. मग डब्याच्या दोन टोकांना एकेक माणूस. दोघं आपापल्या टोकाला माप घेऊन खूण करतात. दोघांच्या मध्ये खडूची दोरी. ताणायची, मधला माणूस ती दोन बोटांत धरून झटकतो, फट्ट. पत्र्यावर रेघ उमटते. त्या रेघेवर टेप. टेप ताणून लावायची नाही, ताणली की ती रात्रीतून आखडते आणि रेघ मधे झोळ खाते. माप दरवेळी एकाच जागेवरून घ्यायचं, कारण डबा खाली बसलेला असतो, एका बाजूला कललेला असतो, जमिनीवरून माप घेतलंत तर फसलात. या पोराने माप घेतलंय डब्याच्या खालच्या कडेवरून. आणि त्याच्या तिसऱ्या डब्याचा साचा तळाशी अर्धा मिलिमीटर कमी घासला गेलाय. झालं एवढंच. रंगाऱ्याची चूक नाही, सुताराची आहे, आमच्याकडे पण भांडण याच मुद्द्यावर व्हायचं.

अक्षरं छान छापलीत. 'म रे' बारीक आहे पण वाचता येतं. डब्याच्या टोकाला पुढच्या पीओएचला परतायची तारीखसुद्धा आहे, माटुंग्याच्या तीन इंग्रजी अक्षरांसकट, ते बघून मला काय झालं ते इथे लिहीत नाही. पण पाटीवर इंग्रजीत 'बॉम्बे व्हीटी' आणि डब्याचा नंबर ९७ने सुरू! डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे बांधणीचं साल. १९९७ साली बांधलेल्या डब्याला व्हीटीची पाटी लागणार कशी? स्टेशनचं नाव मार्च १९९६ मध्येच छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. मी म्हटलं, "अरे बाबा, एकतर पाटी बदल नाहीतर नंबर बदल." तो म्हणाला, "काका, व्हीटी लिहिलं की विकलं जातं." हे मात्र शंभर टक्के खरं. लोक गाडी विकत घेत नाहीत, आपली पंचविशी विकत घेतात. मग मीच तोड काढली. डेक्कन क्वीनचा जवळजवळ अख्खा रेक १९९५ साली बदलला होता, एअरब्रेकचे नवे डबे आले होते. नंबर ९५ने सुरू कर, व्हीटी ठेव. निदान काही महिने तरी तो डबा खरा ठरतो. त्याने लिहून घेतलं.

डायनिंग कार हा या संचातला खरा माल. आख्ख्या भारतात टेबलावर बसून खायची सोय असलेली एकमेव नियमित गाडी हीच म्हणतात, आणि पोराने त्या डब्यावर जीव ओतलाय. आत टेबलं आहेत, टेबलांवर पांढरं कापड आहे, खुर्च्या सुट्या आहेत. मोबाइलचा टॉर्च लावून खिडकीतून मोजल्या. चोवीस. त्या डब्यात ३२ बसायचे. जागा नव्हती म्हणाला, प्लॅस्टिकची जाडी आड येते. चालेल. खुर्चीच्या पाठीचा रंग सुद्धा वेगळा काढणाऱ्या माणसाशी आठ खुर्च्यांवरून भांडू नये. २०२२च्या जूनपासून गाडीला एलएचबीचे, म्हणजे जर्मन धाटणीचे, नवे डबे लागले, रंगसंगतीही नवी आली. डायनिंग कार त्यातही ठेवली, ते चांगलं केलं.

जुन्या डब्यांचा रंग मात्र गेला. व्हीटीची इमारत स्टीव्हन्स साहेबाने १८७८ पासून दहा वर्षं खपून उभी केली, २००४ साली ती जागतिक वारसा झाली, आता तिच्या एका दगडाला हात लावायचा तर दहा सह्या. बरोबरच आहे. त्याच छपराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचा रंग आम्ही दर अठरा महिन्यांनी स्वतःच्या हाताने घासून काढत होतो. ठेवणार काय? इंजिनं ठेवतात. व्हीटीच्या हेरिटेज गल्लीत 'खेकडा' उभा आहे, १९२८चं विजेचं इंजिन. वरळीला नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात डेक्कन क्वीन ओढायचं त्या जातीचं जुनं इंजिन आहे, नातवंडं त्याच्यासमोर फोटो काढतात. इंजिन हा माझा विषय नाही, पण त्याच्यामागे कोणता रंग होता हे त्याला विचारून कळत नाही. आता तर कित्येक गाड्यांवर रंगाऐवजी छापील विनाइल चिकटवतात. त्यात खडूची दोरी नाही आणि झोळही नाही, त्यामुळे मी उगाच नाक मुरडणार नाही.

पोराचा पुढचा बेत १९३०च्या गाडीचा आहे. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा दोन रेक होते, सात-सात डब्यांचे. एक चंदेरी, त्यावर लाल मोल्डिंग. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. सांगाडे विलायतेहून आले आणि वरची बॉडी आमच्या माटुंग्याला बांधली. तो मला म्हणाला, "फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट आहेत काका, लाल पट्टी किती जाड घेऊ?" मी म्हटलं, पट्टी घेऊच नकोस. मोल्डिंग म्हणजे पट्टी नव्हे. जुन्या डब्यांना पत्रे जोडले जायचे त्या सांध्यावर उठावाची बारीक पट्टी बसवायचे, तिला मोल्डिंग म्हणायचे. तिच्यावर लाल भरायला टेप लागत नाही, दोरी लागत नाही, ब्रश त्या उठावाच्या कडेने आपोआप चालतो. आयसीएफच्या डब्याची भिंत त्या मानाने सपाट, म्हणून आम्हाला रेघ आखावी लागली. तेव्हा तू आधी साच्यात उठाव काढ, रंग मग भर, पट्टी छापलीस तर गाडी साठच्या दशकानंतरची दिसेल. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, साचा परत करावा लागेल. कर की. नव्वद वर्षांपूर्वी माटुंग्यात केला तसा कर.

कुणी घ्यावं? रुळांवर चालवायला घेणार असाल तर वळण मोठं ठेवा, लहान वळणावर दोन डब्यांचे कोपरे एकमेकांना घासतात आणि रंग जातो. लहान मुलांच्या हातात देऊ नका, पायऱ्यांचे दांडे काडीपेक्षा बारीक आहेत, माझा एक कुरियरमध्येच तुटला होता. बदली लगेच आली. चारही घेण्याइतके पैसे नसतील तर एकटी डायनिंग कार घ्या, तो सुटे डबे देतो. मी पाचात चार गुण देतो. एक तिसऱ्या डब्याचा कापला.

तो डबा त्याने बदलून देतो म्हटलं होतं. मी नाही दिला. लाल पट्टी पॉलिश पेपरने हळूहळू काढून टाकलीय, खालचा पांढरा शाबूत आहे. मोबाइल रिपेअरवाले वापरतात ती दोन मिलिमीटरची टेप कुर्ला स्टेशनबाहेर मिळाली. दोरीच्या जागी बायकोच्या शिवणाच्या डब्यातला धागा घेतलाय, खडू लावून. दुसरं टोक धरायला ती बसलीय, आणि मधेमधे विचारतेय की घराच्या भिंतींचं काय झालं.