चित्रकलेच्या मास्तरांचं प्रशिक्षण: पैसा सरकारचा की कंपनीचा?

जिल्हा परिषदेच्या शाळांत कला शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला पैसा मुख्यतः दोन वाटांनी येऊ शकतो: समग्र शिक्षा, म्हणजे केंद्र-राज्याची शालेय शिक्षणाची योजना, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च.

2018 साली सुरू झालेल्या समग्र शिक्षेत महाराष्ट्रासाठी केंद्र-राज्य वाटा 60:40 आहे. मोठा फायदा म्हणजे पोहोच. नंदुरबार, गडचिरोलीही यादीत असतात. पण प्रशिक्षणात भाषा-गणित आधी, कला उरलंसुरलं. शिवाय शिकवायचं कोणाला? शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तरच कलेचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक. बाकी ठिकाणी वर्गशिक्षकच चित्रकलेचा तास घेतो, म्हणजे बहुधा गणिताचा राहिलेला धडा पूर्ण करतो.

सीएसआर लवचिक. 2013च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपनीने मागच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे. शिक्षण आणि कला दोन्ही त्यात बसतात. रंग-कागद, प्रवासखर्च, वारली चित्रकाराचं मानधन, सगळं एकाच प्रस्तावात मांडता येतं. चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष धरून चार वर्षं नेता येतो. मात्र कायदाच कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. कारखान्यांच्या चाकणला पैसा, दुर्गम धडगावला वाट बघणं.

माझा कौल? कारखाने जवळ असतील तर सीएसआर, पण तीन वर्षांचा लेखी करार करूनच. एका दिवसाची कार्यशाळा आणि फलकासमोर फोटो, एवढ्यासाठी शिक्षकांचा रविवार घालवू नये. दुर्गम तालुक्यांत मात्र समग्र शिक्षेच्या वार्षिक आराखड्यात कलेची स्वतंत्र ओळ मागण्यासाठीच भांडावं.