मिरेना बसवून घेतली, त्याबद्दल
पाळीत अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन वर यायचं नावच घेत नव्हतं. पिशवी काढण्याआधी मिरेना, म्हणजे गर्भाशयात बसवायचं हार्मोन सोडणारं साधन, बसवून बघू, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

वस्तू एवढीशी, जेमतेम ३२ मिलिमीटर, इंग्रजी टी अक्षरासारखी. उभ्या दांडीवर ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन, त्यावर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. त्यातून औषध पाझरतं, सुरुवातीला दिवसाला साधारण २० मायक्रोग्रॅम, पुढे कमी कमी. थेट गर्भाशयाच्या अस्तरावर काम होतं, त्यामुळे गोळ्यांच्या मानाने रक्तात फार थोडं उतरतं. फिनलंडच्या तपानी लुकाइनेन यांनी यावर वर्षानुवर्षं डोकं लावलं. १९९० मध्ये ती तिथंच पहिल्यांदा विकायला आली. या माणसाचे उपकार मानावे तेवढे थोडे.

बसवताना चांगलीच कळ येते. पहिले काही महिने डाग पडत राहतात, आणि बऱ्याच जणी इथंच कंटाळून काढून टाकतात. मला हे आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतेय: तेवढी कळ काढा. ताप आला किंवा ओटीपोट सतत दुखलं तर मात्र लगेच दाखवा.

आता पाळी नावापुरती, लोहाच्या गोळ्या बंद. अतिरक्तस्रावासाठी बसवली असेल तर ५ वर्षांनी बदलायची, तारीख फाइलवर लिहून घ्या.