ऑर्लँडोत चौघी मैत्रिणी, खोली एक: वार्षिक पासवर फिरून झाल्यावर रिसॉर्टबद्दल

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत डिस्ने-युनिव्हर्सलच्या कुठल्या थीम पार्कात कुठली राइड आहे, तिकिटं कधी स्वस्त मिळतात, हे तुम्ही आधीच पालथं घातलेलं असणार. त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला लिहायचंय बाथरूमच्या दाराबद्दल. हसा खुशाल. पण तुम्ही नवरा-मुलांना घरी ठेवून मैत्रिणींबरोबर जाणार असाल, तर पार्क कुठला हे ठरवायच्या आधी दार बघा.

गेल्या महिन्यात आम्ही ज्या ठिकाणी उतरलो होतो त्याचं नाव लिहीत नाही, कारण बिलातल्या एका रकमेवरून कार्ड कंपनीकडे वाद चालू आहे. पार्कच्या आवारातलं नव्हे, बाहेरचं. पण जाहिरातीत स्वतःला थीम पार्क रिसॉर्ट म्हणवणारं, लॉबीत धबधबा, लिफ्टमध्ये संगीत. खोलीत मात्र बाथरूमला हल्लीच्या फॅशनचं बार्न डोअर. म्हणजे भिंतीवरच्या लोखंडी रुळावरून सरकणारं भलंमोठं लाकडी दार. खाली दोन बोटं फट, बाजूला एक बोट. कडी नाही. नीट लावून हात काढला की दार आपलं आपण चार इंच मागे यायचं. आतली म्हणायची, "अगं, दार धर ना कोणीतरी!" आणि बाहेरची एकजण टाचेने दार दाबून फोनवर आपल्या मुलाचा अभ्यास घ्यायची. टीव्हीचा आवाज वाढवणे हा शिष्टाचार झाला. नाशिकहून आलेली आमची मैत्रीण तर सकाळी सरळ पर्स उचलून लॉबीतल्या बाथरूमला जायची. एवढे डॉलर मोजून!

ज्याने हे दार पसंत केलं त्याच्या डोळ्यांपुढे आई-बाप आणि दोन लहान मुलं असणार. त्यांना चालतं. नवरा-बायकोलाही चालतं. आम्ही चौघी एका हॉस्टेलवर राहिलेल्या आहोत, एकमेकींची सगळी गुपितं ठाऊक आहेत, पण पंचेचाळिशीत पोट बिघडलं की कडी लागते हो.

या सगळ्या धंद्याचा हिशेबच दोन मोठे अधिक दोन लहान असा बांधलेला आहे. खोलीचा दर दोन प्रौढांचा, तिसऱ्या-चौथ्या प्रौढाला बहुतेक ठिकाणी रात्रीमागे वेगळे पैसे. डिस्नेची गंमत अशी की तिकीट काढताना दहा वर्षांचं पोर प्रौढ धरतात, आणि खोली घेताना प्रौढपण अठराव्या वर्षी येतं. दोन्हीकडे सोय कोणाची ते कळतंच. त्यामुळे बुकिंग करताना आधी 'दोन प्रौढ' टाकून दर बघायचा आणि मग चौघी जायचं, असं करू नका. सुरुवातीलाच चार टाका. मे 2025 पासून अमेरिकेत हॉटेलांना सक्तीची रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या भाड्यावर वर लावलेली रक्कम, धरूनच दर दाखवावा लागतो, हा मोठा दिलासा आहे. पार्किंग मात्र 'ऐच्छिक', म्हणून त्यात धरत नाहीत. आणि ऑर्लँडो ज्या ऑरेंज काउंटीत येतं तिथे खोलीवर साडेबारा टक्के कर लागतो, तोही मनात धरा.

आमचा वाद कशावरून? रोलअवे बेडवरून. चार जणींचं बुकिंग, दोन पलंग, एकीला पाठीचा त्रास म्हणून जादा खाट मागितली. खाट आलीच नाही, तिचे पैसे मात्र दर रात्रीचे लागले. काउंटरवरचा मुलगा गोड हसून म्हणाला, सिस्टिममध्ये 'डिलिव्हर्ड' दिसतंय. मी म्हटलं, बाबा, वर चल, खोलीत कुठे दिसते दाखव. तो आला नाही. रक्कम फार मोठी नाही, पण मी सोडणार नाही.

मी राहते जॅक्सनव्हिलला. ऑर्लँडो गाडीने दोन-सव्वादोन तास. 2025 साली 22 मे ला एपिक युनिव्हर्स हे युनिव्हर्सलचं नवं पार्क उघडलं, त्या धामधुमीत आमच्या चौघींतल्या डॅलसवालीने गळ घातली आणि मी युनिव्हर्सलचा वर्षाचा पास काढला. पासवर त्यांच्याच हॉटेलांत बऱ्याचदा सवलत मिळते, हे खरं कारण. तेव्हापासून कधी डॅलसवाली, कधी न्यू जर्सीची जर्सीवाली, उन्हाळ्यात नाशिकची, जी येईल तिच्याबरोबर जाणं होतं. नवऱ्याचं म्हणणं, आता तिथेच नोकरी धर.

सुरुवातीला माझं मत पक्कं होतं. खोलीत फक्त झोपायचं असतं, मग आवारातल्या हॉटेलला पैसे कशाला, बाहेर रहा आणि शटलने, म्हणजे हॉटेलच्या बसने, जा. पावसाळ्याने हे मत धुऊन टाकलं. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी ढग भरून येतात आणि वीज कडाडायला लागते. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स बंद. मग हजारो माणसं दुकानांत आणि आडोशाला दाटीवाटीने उभी. चालत खोलीवर जाता येत असेल तर हाच दिवसातला सर्वांत छान वेळ: कपडे बदला, चहा, तासभर आडवं व्हा, सहाला परत जा, तोवर हवाही उतरते आणि लहान मुलंवाले दमून निघालेले असतात. शटलवाल्या हॉटेलात हे जमत नाही. दुपारी तीनला शटल नसते. असली तरी ती आधी नाव नोंदवून मिळते, आणि भरलेली असते. टॅक्सीचे जाण्यायेण्याचे पैसे चारदा दिले की खोलीतली बचत तिथेच संपली. जर्सीवालीने मोबाइलवर हिशेब मांडून दाखवला, आणि तिच्या हिशेबाशी वाद घालायची आमच्यात कोणाची टाप नाही.

मग आलो कबाना बेला, युनिव्हर्सलच्याच एका हॉटेलात. 2014 साली उघडलेलं, पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन मोटेलांच्या थाटाचं. दारात जुन्या गाड्या, आत बोलिंग अ‍ॅली, पोहण्याचे दोन तलाव, एकाला लेझी रिव्हर, म्हणजे ट्यूबवर बसून संथ वाहत जायची पाण्याची वाट. थाटबीट ठीक आहे. पण तिथली फॅमिली स्वीट! नावात फॅमिली असलं तरी मैत्रिणींसाठी याहून बरी रचना मी पाहिलेली नाही. बाथरूमचे तीन भाग. शॉवर वेगळा, संडास वेगळा, मध्ये बेसिन आणि आरसा. एक अंघोळ करतेय, एक आत आहे, तिसरी दात घासतेय, चौथी केसांना क्लिपा लावतेय, आणि कोणी कोणावर ओरडत नाहीये. सकाळी साडेसातला आम्ही चौघी तयार होऊन दाराबाहेर! लग्नघरात कधी जमलं नाही ते इथे जमलं. दोन मोठे पलंग आणि ओढून उघडायचा सोफा, म्हणजे पाठदुखीवालीची सोय आपोआप. छोटं किचनेट आहे, सिंक, मायक्रोवेव्ह, फ्रिज. उपमा होतो, मॅगी होते. फोडणीच्या भानगडीत पडू नका, धुराचा अलार्म वाजला तर सगळा मजला खाली उतरेल.

कबाना बेहून पार्क चालत पंधरा-वीस मिनिटं, झाडांमधून रस्ता आहे. व्होल्केनो बे हे वॉटर पार्क तर शेजारीच, पाहुण्यांना वेगळी वाट. बस आहे, पण आम्हाला चालणं सोयीचं पडलं. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, युनिव्हर्सलच्या हॉटेलांत रात्रीचं पार्किंग वेगळं मोजावं लागतं. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत जानेवारी 2023 पासून पाहुण्यांना ते फुकट आहे. मला पार्किंगचे पैसे द्यायला मनापासून जिवावर येतं, पण इथे दिले.

कबाना बेवर माझं मन इतकं बसलं होतं की महागड्या हॉटेलांकडे मी बघतसुद्धा नव्हते. मग जर्सीवालीचा दुसरा हिशेब आला. युनिव्हर्सलची तीन हॉटेलं, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, यांत राहणाऱ्या प्रत्येकाला एक्स्प्रेस अनलिमिटेड मिळतो. म्हणजे जुन्या दोन पार्कांत, युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचरमध्ये, एक्स्प्रेस असलेल्या राइड्सना हव्या तितक्या वेळा वेगळ्या, छोट्या रांगेतून जायचं. आणि तो येण्याच्या दिवशीही चालतो, निघण्याच्या दिवशीही. एक रात्र घेतली की चौघींचे दोन-दोन दिवस. खोली तयार नसली तरी सकाळी पोचून नाव नोंदवा, पास घ्या आणि पार्कात शिरा. दुसऱ्या दिवशी खोली सोडून सामान हॉटेलात ठेवा आणि पार्क बंद होईपर्यंत फिरा. वेगळा एक्स्प्रेस विकत घ्यायचा तर माणशी, दिवसाला मोजावा लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत त्याचा दर बघून घाम फुटतो. चार जणींत वाटली की महाग खोली स्वस्त पडते. दोघींत वाटली तर नाही. कुटुंबवाल्यांपेक्षा आपण इथे वरचढ, कारण आपण चौघी चार पगारांच्या.

रॉयल पॅसिफिकला आम्ही असेच एक रात्र राहिलो. बाथरूम एकच, तीन भाग-बिग काही नाही, पण एक्स्प्रेस हातात असल्यावर पहाटे उठायची घाईच नसते, त्यामुळे नंबर लावून सगळ्यांचं आवरलं. म्हणजे रांगेचा प्रश्न पार्कात सुटला की बाथरूममधलाही सुटतो. हे मला आधी सुचलं नव्हतं. तेव्हा आता माझी पद्धत अशी: पहिली रात्र रॉयल पॅसिफिक, दोन दिवस एक्स्प्रेसवर जुनी दोन्ही पार्क उरकायची, मग सामान उचलून कबाना बे. मध्येच हॉटेल बदलायचा कंटाळा येतो, डॅलसवाली कुरकुर करते, पण पैसे वाचलेले दिसले की गप्प बसते.

एक सावधगिरी. हा हॉटेलचा एक्स्प्रेस एपिक युनिव्हर्समध्ये चालत नाही. ते पार्कही काही मैल दूर आहे, तिथून चालत येणं-जाणं विसरा. तिथे शेजारी स्टेला नोव्हा आणि टेरा लुना ही नवी, खिशाला सोसतील अशी हॉटेलं आहेत. हेलिओस ग्रँड मात्र थेट पार्कलाच चिकटलेलं, पाहुण्यांना स्वतःचं दार. डॅलसवालीला तिथेच राहायचंय. तिचा नवरा डॉक्टर आहे, माझा नाही.

डिस्नेकडे आम्ही कमी गेलो, कारण पास युनिव्हर्सलचा. पण मैत्रिणींबरोबर एपकॉट हे डिस्नेचं पार्क सोडू नये. तळ्याभोवती अकरा देशांचे मंडप आहेत, भारत त्यात नाही, आणि चालत एकेका देशात काहीतरी पीत-खात जायचं हा मोठ्या माणसांचाच खेळ आहे. मग गाडी चालवायची नसावी, हे उघड. पॉप सेंच्युरी या डिस्नेच्या हॉटेलाहून स्कायलायनर नावाचा रोपवे एपकॉटला आणि हॉलिवूड स्टुडिओज या दुसऱ्या पार्काला जातो, पण तोही विजेत थांबतो. पॉप सेंच्युरीच्या खोलीत दुसरा पलंग भिंतीतून खाली येतो, आणि तो आला की त्याखालचं टेबल जातं. रात्री पत्ते कुटायचे तर पलंगावर बसूनच. स्वान आणि डॉल्फिन ही मॅरियटची हॉटेलं, तिथून एपकॉटला चालत जाता येतं आणि मॅरियटचे पॉइंट चालतात. जर्सीवालीकडे ऑफिसच्या दौऱ्यांचे ढीगभर आहेत. डॉल्फिनला पलंग लहान असतात, डबल, क्वीन नव्हे. चौघींनी जायचं असेल तर स्वान बघा.

आणि जेवायला डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटला जा. तिथे पाच प्रकारचे नान-कुलचे-पराठे आणि नऊ वाट्यांत चटण्या, लोणची, कोशिंबीर येते, आणि खिडकीबाहेर जिराफ चरत असतो. नाशिकची म्हणाली, "नुसत्या पोळ्या नि लोणच्याचे एवढे पैसे?" आणि मग लसणाच्या लोणच्याची वाटी तिनेच पुसून खाल्ली.

चहाचं सांगायचं राहिलं. खोलीत कॉफीचं मशीन असतं, किटली नसते. नाशिकच्या मैत्रिणीने घरून आणलेली किटली 230 व्होल्टची. इथे 120 वर ती जेमतेम पाव ताकदीने चालते, पाणी कोमट होईपर्यंत आमच्या गप्पांचे विषय संपले. इथलीच एक साधी किटली विकत घ्या, कोणाच्या तरी गाडीत कायमची पडू द्या.

आता मी नवीन ठिकाणी बुकिंग करायच्या आधी फोन करते आणि विचारते: बाथरूमचं दार सरकतं की बिजागरीचं? आतून कडी आहे? फोनवरची मुलगी दर वेळी दोन सेकंद थांबते. मग म्हणते, बघून सांगते. जी खरंच बघून सांगते त्या हॉटेलात राहायला हरकत नाही. लोकांनी टाकलेले बाथरूमचे फोटोही शोधून बघा, हॉटेलने टाकलेल्यांत दार नेमकं उघडं असतं.

खाटेच्या पैशांचं काय झालं ते कार्ड कंपनीचा निकाल आला की खाली लिहीन.