मिश्रण घरचं, भट्टी बेकरीची: भायखळ्यातला नाताळचा केक

नाताळच्या आधी काही बेकऱ्या लोकांच्या घरचे केक भाजून देतात, हे भायखळा-माझगाव-वांद्र्याच्या जुन्या रहिवाशांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मिश्रण आपण घरी करायचं, टिनमध्ये ओतून न्यायचं, भाजायचं काम त्यांचं. आमच्या इथे यंदा किलोला ८० रुपये घेतले. बेकरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली रांग मला आहे तेवढी पुरे.

यंदा जाऊ की नको, असं मनात होतं. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. आमच्या बेकरीवाल्यानेही भट्टी बंद करून रोटरी ओव्हन घेतला. मी नर्स आहे, दम्याचे पेशंट रोज बघते, त्यामुळे धुराच्या बाजूने मी भांडणार नाही. पण केकच्या बाबतीत जुन्या भट्टीचा एक फायदा होता. विटा तापल्या की आधी पाव लागायचे, मग आच उतरत जाईल तशी बिस्किटं-नानखटाई, आणि शेवटी केक. सुक्या मेव्याने जड झालेल्या केकला अशीच मंद आच लागते. जास्त आचेवर वरून काळा, आतून चिकट.

रोटरीत केक १५० अंशांवर लावतात. ट्रॉली आत फिरत राहते, त्यामुळे चारही बाजूंनी रंग सारखा येतो. पूर्वी भिंतीकडचा टिन नेहमी एका बाजूने करपायचा, ती कटकट गेली. आमच्या तीनपैकी एका केकला वर भेग पडली, बाकी दोन उत्तम. आतून ओलसर, मेवा तळाशी बसलेला नाही. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "भाजलाय नीट, पण बेकरीचा वाटत नाही." खरंय. लाकडाचा तो किंचित धुरकट वास आता नाही. सासऱ्यांनी मात्र काही न बोलता दुसरा तुकडा घेतला.

मला या सेवेचं मोल आहे ते वेगळ्याच कारणासाठी. आमच्या वॉर्डात निम्म्या सिस्टर ख्रिस्ती. २५ तारखेची सुट्टी कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि माझं नशीब चिठ्ठीत कधी चालत नाही. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या घरी तळायच्या, घर आवरायचं, रात्री कॅरोलवाली मुलं आली की त्यांना चहा करायचा, त्यात माझी रात्रपाळी. आमच्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच टिन मावतो, म्हणजे तीन केकला अख्खा दिवस ओव्हनपाशी बसायचं. तो दिवस बेकरी वाचवते. मिश्रणाचं काम मात्र घरातच राहतं, आणि मला ते घरातच राहायला हवं आहे.

गेल्या वर्षी नणंदेने प्रेमाने ऑनलाइन हॅम्पर पाठवला होता. केक, कुकीज, लाल रिबीन. चव चांगलीच होती. पण सासऱ्यांनी पट्टी लावून कापलेले बटर पेपरचे गोल वर्षभर कपाटात पडून राहिले. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, त्याला गोल म्हणजे गोलच लागतो. ते कागद यंदा टिनमध्ये गेले.

मेवा मी क्रॉफर्ड मार्केटमधून आणते: काळे मनुके, बेदाणे, पेठा, संत्र्याची साल. आमच्या घरात रम चालत नाही, म्हणून मेवा संत्र्याच्या रसात फ्रिजमध्ये भिजतो. साखर जाळून रंग करायचं काम सासूबाईंचंच. साखर किती काळी होऊ द्यायची याचा अंदाज मला अजून येत नाही आणि त्या तो सांगतही नाहीत. फेटायला नवरा. मुलगा पातेलं चाटायला टपलेला, पण कच्ची अंडी असतात म्हणून त्याला फक्त लोणी-साखरेचा गोळा मिळतो, तोही अंडी घालायच्या आधी. फेटता फेटता सासूबाई चर्चच्या मंडळीत शिकवलेलं नाताळचं गीत म्हणतात, आणि नवऱ्याचा हात त्याच्या तालावर मंदावतो. मग त्या गाणं थांबवून त्याला ओरडतात.

एक धोक्याची गोष्ट. बेकिंग पावडर घातलेलं मिश्रण रात्रभर ठेवता येत नाही, केक बसतो. मी मैदा, पावडर, मसाला आदल्या दिवशी मोजून डब्यात भरते, जळकी साखर गार करून ठेवते. सकाळी ड्युटीवरून आले की लोणी-साखर, अंडी, मैदा, आणि तडक बेकरीत.

तिथे सकाळच्या पावांची गडबड संपल्यावर, अकरा ते तीनच घेतात. व्हॉट्सॲपवर वेळ दिली असली तरी अर्धा तास उभं राहावं लागतंच, आणि बसायला स्टूलही नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला हे जड जातं. एक तारा त्याचाच कापला. टिनवर नंबर लावायची पद्धत मात्र चोख आहे. नुसती चिठ्ठी चिकटवत नाहीत, पत्र्यावर खडूनेही लिहितात, त्यामुळे आपला केक दुसऱ्याच्या घरी जात नाही. उस्ताद आवाज देतात, "सिस्टर, आपका सात नंबर!" आणि हातमोज्याशिवाय टिनला हात लावू देत नाहीत.

पाचपैकी चार तारे. काचेचं भांडं किंवा तळ निघणारा टिन नेऊ नका, परत पाठवतात. टिन दोन-तृतीयांशच भरा. पिशवी कापडी आणि रुंद तळाची घ्या, गरम केक प्लास्टिकमध्ये घातला की घामतो. आणि २४ तारखेला अजिबात जाऊ नका, त्या दिवशी तिथे साधा पाव घ्यायलाही जागा नसते.