नाकाची सर्जरी: ओपन करायची की क्लोज्ड?

सर्जरी करायची हे ठरलंय, एक-दोन डॉक्टर पाहून झालेत, आणि आता एक म्हणतोय ओपन करू (बाहेरून छेद देऊन, कातडी उचलून), दुसरा म्हणतोय क्लोज्डमध्ये होऊन जाईल (सगळं नाकपुडीच्या आतून). या टप्प्यावर अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. आमच्या घरात दोन्ही झालंय: ताईचं ओपन, माझं क्लोज्ड. नाक दोघांचं एकाच छापाचं, बाबांकडून आलेलं. मधोमध हाडाचा उंचवटा, खाली ओघळलेला शेंडा. ताईचा शेंडा रुंदही होता, आणि माझा नाकाच्या दोन बाजूंमधला आतला पडदा वाकडा होता. एवढाच फरक.

ओपन म्हटलं की लोक पहिल्यांदा व्रणाला घाबरतात. दोन नाकपुड्यांच्या मधल्या खांबावर आडवा छेद जातो, तिथून कातडी वर उचलतात. माझ्या मते व्रण हे क्लोज्ड निवडायचं कारण होऊ शकत नाही. ताईचा व्रण पहिले काही महिने लालसर दिसायचा. आता शोधायचा तर तिला मान मागे टाकायला सांगावं लागतं. त्वचा व्रणावर काळवंडणारी असेल तर सनस्क्रीन नेमाने लावा, जखमेवर गाठी येण्याची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. बाकी चिंता नको. पुण्यात कपाळाची कातडी खाली वळवून कापलेलं नाक नव्याने बसवल्याची हकिगत 1794 साली लंडनच्या एका मासिकात छापून आली होती, त्यात कपाळावर व्रण राहायचाच. व्रण लपवून, नाकपुडीच्या आतून काम करायचं तंत्र अमेरिकेतल्या जॉन रो यांनी 1887 मध्ये मांडलं. क्लोज्डचं मूळ ते.

पहिले दोन आठवडे दोन्हीकडे जवळपास सारखेच जातात. हाड कापलं असेल तर डोळ्यांखाली काळं-निळं होतं, साधारण आठवडाभर स्प्लिंट (नाकाचा आकार धरून ठेवणारं कडक आवरण) असतो, नाकाखाली गॉज बांधतात, तोंडाने श्वास घेऊन घेऊन ओठ फुटतात. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, झोपताना डोक्याखाली दोन उशा. चष्मा असणाऱ्यांचे हाल जास्त, कारण चार ते सहा आठवडे नाकावर भार चालत नाही. मी चष्मा टेपने कपाळाला चिकटवून ऑफिसचं काम केलं. दुखणं मात्र दोघांनाही ऐकलं होतं त्यापेक्षा कमी झालं.

खरा फरक त्यानंतर सुरू होतो, आणि माझा निर्णय तिथेच झाला. ताईची सर्जरी आधी झाली होती. स्प्लिंट निघाला, टाके निघाले, नाक बाजूने सुरेख दिसायला लागलं, पण शेंडा तिचा राहिलाच नव्हता. दगडासारखा कडक आणि पूर्ण बधिर. खाज सुटायची आणि खाजवलं तरी बोटाचा स्पर्शच कळायचा नाही, त्यामुळे खाज जायची नाही. ती कॉलेजात शिकवते. सर्दीच्या दिवसांत वर्गात नाक वाहायला लागलं तर ओठावर ओल येईपर्यंत तिला पत्ता नसायचा. मग तिने एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात रुमाल धरून शिकवायला सुरुवात केली, दर दोन वाक्यांनी नाक टिपत. हसताना वरचा ओठ ओढल्यासारखा व्हायचा, म्हणून फोटोत हसणं बंद. सकाळी उठल्यावर शेंडा फुगलेला, संध्याकाळी जरा उतरलेला. रोज आरशासमोर तेच: 'आज कमी वाटतोय का रे?' यात कुणाची चूक नव्हती. खांबावरच्या छेदात कातडीच्या बारीक नसा आणि सूज वाहून नेणारे मार्ग कापले जातात, ते पुन्हा जुळेपर्यंत पाणी शेंड्यात साचतं. आपल्याकडे शेंड्याची कातडी बहुतेकांची जाड, त्यामुळे हे आणखी लांबतं. खरा आकार दिसायला एक वर्ष, जाड कातडीला त्याहून जास्त लागू शकतं.

क्लोज्डमध्ये सूज येत नाही असं नाही. मलाही आली, शेंडा मलाही काही आठवडे जड वाटला. पण खांब शाबूत होता, स्पर्श पूर्ण गेला नाही, आणि ताईला जे महिनोन्‌महिने सोसावं लागलं ते माझं लवकर आटोपलं. मोजमाप माझ्याकडे नाही. एकाच घरातली, एकाच ठेवणीची दोन नाकं शेजारी शेजारी बरी होताना पाहिली, एवढ्यावर बोलतोय.

ओपनची बाजूही मांडायला हवी. शेंड्याचं काम ताईचं माझ्यापेक्षा चांगलं झालंय. कूर्चा (नाकातलं मऊ हाड) उघडी समोर दिसते, दोन्ही बाजूंचे टाके समोरासमोर जुळवता येतात, पडद्याची किंवा कानाची कूर्चा घेऊन आधार नेमका बसवता येतो. एकदा बिघडलेलं नाक पुन्हा करायचं असेल, अपघाताने फार वाकडं झालं असेल, किंवा जन्मतः दुभंगलेल्या ओठासोबतचं नाक असेल, तर मी क्लोज्डचा हट्ट धरणार नाही. माझा शेंडा थोडा वर आला, बारीक झाला नाही. माझी तक्रार उंचवट्याची आणि श्वासाची होती, ती गेली. बोट फिरवलं तर हाडावर एक बारीक खडा लागतो, दिसत मात्र नाही.

क्लोज्डची अडचण वेगळी आहे: ते रोज करणारा डॉक्टर शोधावा लागतो. बरेच तरुण सर्जन ओपनवर तयार झालेले असतात. ज्याचा हात ओपनवर बसलाय त्याला क्लोज्ड करायला भाग पाडू नका. प्लास्टिक सर्जन असो की कान-नाक-घसावाले, दोन आठवड्यांचे फोटो पाहून भुलू नका, वर्षानंतरचे मागा, आणि तेही तुमच्यासारख्या कातडीच्या पेशंटचे.

पैशाचं थोडक्यात. निव्वळ सौंदर्यासाठीच्या सर्जरीवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि विमा मिळत नाही. पडदा खरोखर वाकडा असेल तर त्या भागाचा क्लेम पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ संपल्यावर होऊ शकतो, म्हणून बिल आणि कागद सुरुवातीपासून वेगळे करून घ्या.

लग्न ठरलेल्या मुलींनी तारीख आधी मोजावी. ताईला चमकी काढून ठेवावी लागली, तोवर भोक बुजलं, आणि सुजलेल्या नाकावर दाबाची नथही चालत नाही. ओपन असेल तर लग्नाआधी वर्षभर हाताशी असू द्या. क्लोज्डला मी सहा महिन्यांत तयार झालो असतो, तरी तुमच्या डॉक्टरांचा शब्द प्रमाण.

ओपन सुचवणाऱ्या डॉक्टरांना एकच विचारा: 'खांबाला हात न लावता केलं, तर माझ्या नाकाचं नेमकं काय करता येणार नाही?' उत्तर शेंड्याचं आलं आणि तुमचीही तक्रार शेंड्याचीच असेल, तर बिनधास्त ओपन करा. तक्रार फक्त उंचवट्याची असेल, तर क्लोज्ड करणाऱ्या एखाद्याला दाखवून मगच तारीख घ्या.