श्वानाचा वास की आरोग्य केंद्रातील तपासणी: सोलापूरकरांपुढील निवड

प्रशिक्षित श्वान केवळ श्वासाच्या वासावरून कर्करोग ओळखतात, हे ऐकल्यावर विड्या वळणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या एखाद्या सोलापूरकर महिलेला, तपासणीचा संकोच आणि दवाखान्याचे हेलपाटे टाळून त्या चाचणीची वाट पाहावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तसे ठरवण्यापूर्वी दोन्ही पर्यायांचा पुरावा तपासून घ्यावा.

श्वानांची क्षमता खरी आहे. कर्करोगाच्या पेशींचा चयापचय बदललेला असतो, त्यामुळे काही उडून जाणारी रसायने श्वासात आणि लघवीत उतरतात, आणि ओळीने मांडलेल्या नमुन्यांपैकी नेमक्या नमुन्यापाशी बसण्यास श्वानाला खाऊच्या बक्षिसावर शिकवता येते. २००४ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासात सहा श्वानांनी मूत्राशयाच्या कर्करोगाचे नमुने ५४ पैकी २२ वेळा, म्हणजे ४१ टक्के, अचूक निवडले. केवळ योगायोगाने हे प्रमाण १४ टक्के राहिले असते. तालमीच्या काळात निरोगी समजलेल्या एका व्यक्तीच्या नमुन्यापाशी श्वान वारंवार थांबत होते आणि पुढील तपासणीत त्या व्यक्तीला मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील अभ्यासात १,३८६ जणांच्या श्वासाचे नमुने श्वान आणि संगणकीय विश्लेषण यांच्या साहाय्याने तपासले गेले; रुग्ण ओळखण्याचे आणि निरोगी व्यक्तींना निरोगी ठरवण्याचे, दोन्ही प्रमाण सुमारे ९४ टक्के होते.

हा आकडा मोहवणारा आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडावा लागतो. हजार लोकांत पाच जणांना कर्करोग आहे असे धरले, तर उरलेल्या ९९५ पैकी जवळपास साठ जणांना ही चाचणी विनाकारण संशयित ठरवेल, आणि त्यांना पुढे स्कॅन, बायोप्सी व आठवडेच्या आठवडे घोर लागून राहील. शिवाय त्या अभ्यासातील श्वानांची तालीम स्तन, फुप्फुस, मोठे आतडे आणि प्रोस्टेट या चार कर्करोगांवर झाली होती. तंबाखूशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती तोंडाच्या कर्करोगाची.

याउलट साध्या तपासणीच्या बाजूने आपल्याच भागातील भक्कम पुरावा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधणाऱ्या तपासणीने, त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आरोग्य केंद्रांत सहसा होते ती व्हीआयए तपासणी: गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का, हे पाहिले जाते. धाराशिवच्या अभ्यासात तिचा मृत्यूंवर ठळक परिणाम दिसला नव्हता, तर मुंबईतील अभ्यासात दर दोन वर्षांनी ती केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले; म्हणून एचपीव्ही तपासणी परवडत असेल तर मी तिलाच प्राधान्य देईन. तोंडाची तपासणी तर पाच मिनिटांची असते. गालाच्या आतला भाग, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा उजेडात पाहायची, चट्टा किंवा न भरणारा व्रण शोधायचा, आणि तोंड पुरेसे उघडते का हे पाहण्यासाठी उभी धरलेली तीन बोटे तोंडात मावतात का हे तपासायचे. केरळमधील मोठ्या अभ्यासात अशा तपासणीमुळे तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांचे तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. श्वानांच्या चाचणीने मृत्यू घटतात, असे अद्याप कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही, आणि माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो.

फुप्फुस आणि आतड्याच्या कर्करोगासाठी मात्र गावपातळीवर सोपी तपासणी नाही. तिथे श्वानांवरील संशोधनाला खरा वाव आहे आणि ते व्हावे, असे मला मनापासून वाटते. कोणी संशोधनासाठी श्वासाचा नमुना मागितला, तर संमतिपत्र नीट वाचून तो अवश्य द्यावा, पण निकाल निर्दोष आला म्हणून पुढची तपासणी टाळू नये. वयाची तिशी ओलांडलेल्यांनी आशाताईंना विचारून जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील तपासणीचा दिवस ठरवावा. गाठ, अनियमित रक्तस्राव किंवा दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण असेल, तर तो दिवस येईपर्यंतही न थांबता थेट सरकारी रुग्णालयात जावे.