स्टिरिओ मायक्रोस्कोप, लातूरच्या दुकानातून घेतलेला

एमएस्सीच्या प्रोजेक्टला खोल समुद्रातले बारके अ‍ॅम्फिपॉड (झिंग्याच्या नात्यातले प्राणी) आहेत, कोचीहून अल्कोहोलमधले सॅम्पल आलेत, त्यासाठी हा घेतला आणि खरंच लई भारी निघाला. अंग दोन्ही बाजूंनी दाबलेलं, डोक्यामागं पाठ झाकणारं कवच नाही, छातीला पायांच्या सात जोड्या, त्यातल्या पहिल्या दोन पकडायच्या, सगळं स्वच्छ दिसायलंय. आयसोपॉड हा त्यांच्याच नात्यातला, पण वरून-खालून चपटा, तो लगेच वेगळा काढता येतो. पण पंजाच्या कडेचे केस मोजायचे, जबड्याचे भाग सोडवून बघायचे तर स्लाईड करून कंपाउंड मायक्रोस्कोपच (याहून कितीतरी मोठं दाखवणारा) पाहिजे, आणि नवी प्रजाती लिहायची म्हटलं की त्या केसांवरच गाडी अडते बघा. खालचा लाईट मंद आहे, टेबल लॅम्प लावून भागवायलोय. फोकसची चाकी मात्र एकदम मऊ, जरापण घसरत नाही.